अर्ध्या नर्सचे सासरे

तात्या,

तुम्ही गेल्यापासून घरी रोज माणसं येतात आणि तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. परवा लोणी देवकरहून तुमचे मावसभाऊ आले. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "तात्या म्हंजी लय भोळा मानूस. कुनावरबी इस्वास टाकायचा." मी पदर तोंडाला लावला आणि आत पळाले. बाहेर बायकांना वाटलं, सून रडतेय. सासूबाईंना मात्र खरं कळलं, कारण त्याही पदर तोंडाला लावून गॅसपाशी उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. नंतर हसता हसता त्या खरंच रडायला लागल्या. मग मीही.

तुम्ही आणि भोळे. रोपवाटिकेतून डाळिंबाची रोपं घेताना त्यातल्या एकाची पिशवी तिथंच फाडायची, माती झटकायची, मुळं बादलीत धुऊन उजेडात धरायची. मुळं पिशवीच्या आकारात गुंडाळलेली दिसली की सगळी गाडी परत. मालक कुरकुरायचा, आवो तात्या, ते रोप मेलं की. तुम्ही म्हणायचात, एक मेलं म्हणून बाकीची कळली. टीव्हीवर पाऊस सांगितला की तुम्ही मुद्दाम छत्री घरी ठेवायचात. कुणी पेढे वाटले की आधी विचारायचात, कशाचे, आणि मग, कुठल्या दुकानातले. सांत्वनाला आलेल्या या माणसांकडं मी आता तुमच्याच नजरेनं बघते. कोण खरंच दुःखात आहे आणि कोण बांधाचा वाद आता मिटेल म्हणून आलाय, ते ओसरीत बसायच्या आधी ओळखते.

पण तुम्ही सगळ्यांत जास्त संशय घेतलात तो माझ्या हातांचा.

मी लग्न होऊन कळसला आले ती एएनएम होऊन. गरोदर बायका तपासायच्या, बाळांना डोस पाजायचे, लसी टोचायच्या, बाळंतपणाला उभं राहायचं, एवढं शिक्षण. इंदापुरात एका खासगी प्रसूतिगृहात नोकरी होती. गावात सगळे सिस्टर म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. आल्या वर्षीच तुम्हाला ताप भरला. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. मी सुई भरून, कापूस घेऊन, नाटकातल्या राणीसारखी तुमच्या खाटेपाशी येऊन उभी राहिले. तुम्ही आधी सुईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू पुरी नर्स हायेस का?"

खोटं बोलायला पाहिजे होतं. पण नवी सून, सासरा समोर. मी सांगितलं की पुरी म्हणजे जीएनएम, ती तीन वर्षांची, तिला स्टाफ नर्स म्हणतात. मी त्याच्या अलीकडची.

"म्हंजी आर्दी," तुम्ही म्हणालात. "मंग आर्द्या नर्सनं सुई आर्दीच टोचायची, का पुरी?"

आणि अंगात ताप असताना पायांत चपला घालून डॉक्टरकडं चालत गेलात. ओसरीवर बसलेल्या शेजाऱ्यांनी ते ऐकलं होतं. पुढं कितीतरी दिवस गावात मला 'आर्दी सिस्टर' म्हणत होते. मी वरवर हसत होते. मनात मात्र एकच गोष्ट रुतून बसली: हा माणूस एक दिवस आपणहून माझ्यासमोर हात करेल, तेव्हाच मी नर्स.

पुढची कितीतरी वर्षं तुम्ही तो हात मला मिळू दिला नाहीत. ब्लड प्रेशरचा पट्टा घेऊन आले की म्हणायचात, पट्टा येवडा आवळल्यावर प्रेशर वाढनारच, त्यात माजा काय दोस. पायाला काटा लागला तर तो शेजारच्या न्हाव्याकडून काढून घेतलात आणि मी दारात उभी राहून बघत होते. मी तुम्हाला सांगितलं होतं की इंदापुरातल्या बायका मला नावानिशी विचारत येतात. तुम्ही म्हणालात, त्या तुज्या घरात ऱ्हात न्हाईत.

मग प्रसूतिगृहात एक नवी मुलगी आली. जीएनएम, वयानं माझ्या निम्मी. तिला वॉर्डची इन्चार्ज केलं. मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, सिस्टरांना ट्रे आणून द्या. तोपर्यंत सिस्टर मी होते. त्या संध्याकाळी जेवताना मी घरात जाहीर केलं की मला जीएनएम करायचंय. तुमच्या लेकानं घास थांबवला. सासूबाई म्हणाल्या, या वयात? तुम्ही ताकाची वाटी तोंडाला लावलीत. तुम्ही काही बोलला नाहीत की मला जास्त भीती वाटायची.

आणि त्याच महिन्यात तो गृहस्थ आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात बॅग, बोलणं तुपासारखं. प्रसूतिगृहात एएनएम बायकांना भेटत फिरत होता, पत्ता विचारत थेट कळसला आला. आपल्याच ओसरीत बसून त्यानं सांगितलं की खास एएनएमसाठी ब्रिज कोर्स निघालाय. एएनएमकडून थेट जीएनएमकडं जाणारा पूल. वर्षं निम्मी, घर सोडायचं नाही, हजेरीची कटकट नाही, परीक्षेपुरतं बारामतीला यायचं. तुमचा लेक खूश झाला. मी तर मनात स्टाफ नर्सचा गणवेश घालूनसुद्धा बघितला. तुम्ही सुपारी कातरत होता.

"पेशंट कुटं आसत्यात?" तुम्ही विचारलंत.

तो म्हणाला, पेशंट काय आजोबा, सगळीकडंच असतात.

"आसं व्हय. हजेरी न लावता नर्स व्हती. मंग आमीबी आवंदा ऊस न लावताच कारखान्याला घालतो."

तो हसला. मी हसले नाही. मला वाटलं, हा म्हातारा मला अर्धीच ठेवणार. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वच्छ टोपी घातलीत आणि म्हणालात, चल, बगून यिऊ.

बारामतीत ती जागा एका दुकानाच्या वर होती. भिंतीवर हृदयाचा, फुप्फुसाचा तक्ता. कोपऱ्यात हाडांचा सांगाडा. एका खाटेवर नर्सिंग शिकायचा पुतळा, रबरी बाई, गळ्यापर्यंत चादर ओढून झोपवलेली. तो गृहस्थ मला फी कशी भरायची ते सांगत होता. तुम्ही खाटेपाशी गेलात, चादर बाजूला केलीत आणि त्या बाईचा दंड उजेडाकडं वळवलात. मग तिला कुशीवर वळवून कमरेखाली बघितलंत. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो म्हणाला, आजोबा, तो पुतळा आहे.

"व्हय, दिसतंय की. किती वर्सं हाय ही हितं?"

पहिल्यापासून आहे, त्यानं अभिमानानं सांगितलं.

"आन हिला आजून कुनी टोचलं न्हाय?"

मी पुढं होऊन बघितलं. दंड नव्या खेळण्यासारखा गुळगुळीत. कंबर तशीच. एक भोक नाही. नर्सिंगच्या शाळेत पुतळ्याच्या अंगावर टोचल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे चुलीवर काजळी नाही. हे मला दिसायला हवं होतं. मी शिकलेली होते, एएनएमला असताना त्या पुतळ्याला मीच किती छळलं होतं. पण मला पूल दिसत होता ना, मग बाकी कशाला दिसेल. जिना उतरून एसटी स्टँडपर्यंत मी तुमच्या दहा पावलं पुढं चालत आले. बसमध्ये रडले. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत राहिलात आणि भिगवण रस्त्यावरच्या कुणाच्या तरी पेरूच्या बागेला नावं ठेवलीत.

माझ्याबरोबरच्या एकीनं तिथं प्रवेश घेतला. पुढं नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणीची वेळ आली तेव्हा कळलं की त्या जागेला कुणी ओळखतच नाही, आणि दुकानावरची पाटीही उतरली होती. ती मुलगी आपल्या घरी येऊन रडली तेव्हा तुम्ही तिला पाणी दिलंत. मी वाट बघत होते की तुम्ही आता म्हणाल, मी सांगितलं नव्हतं का. तुम्ही ते कधीच म्हणाला नाहीत. ते मला तेव्हाही संशयास्पद वाटलं, आजही वाटतं.

आता तुम्ही वर बसून मिशीवर हात फिरवत असाल. थांबा. पुढचंही सांगणार आहे.

खरं कॉलेज आपल्याला त्यानंतर सापडलं. बारामतीतच, चांगल्या मोठ्या दवाखान्याला जोडलेलं. तिथल्या मॅडमनी सरळ सांगितलं की एएनएमला प्रवेश मिळतो, पण वर्षं कमी होत नाहीत. पहिल्या वर्षापासून बसायचं, अठरा वर्षांच्या मुलींबरोबर. हॉस्टेलला राहायचं. मला ते ऐकून बरं वाटलं. अवघड आहे म्हणजे खरं आहे, एवढं मी तुमच्याकडून शिकले होते. मॅडमनी तुम्हाला चहा दिला, बसायला खुर्ची दिली, शेतीची चौकशी केली. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "लय ग्वाड बोलती. जागा भरल्या नसत्याल. येक हंगाम बगू."

आणि घरानं तुमचं ऐकलं, कारण मागच्या वेळी तुमचं खरं ठरलं होतं. मी सांगून सांगून थकले. प्रवेश बंद झाला. जागा सगळ्या भरल्या होत्या, माझ्याशिवाय. चाळिशीच्या उंबऱ्यावरच्या बाईचं एक वर्ष तुम्ही एका खुर्चीच्या आणि चहाच्या कपाच्या संशयावर घालवलंत, तात्या.

त्यावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, एक हंगाम गेला म्हणून झाड जात न्हाय. माझं म्हणणं, मी झाड नाही. तुमचं म्हणणं, पयल्या वेळंला कुनी वाचवलं? माझं म्हणणं, विहिरीत पडता पडता वाचवलं म्हणून जन्मभर घरात कोंडून ठेवायचं का? दर दिवाळीला फराळाच्या ताटावर आपण हे भांडण काढायचो. सासूबाई चकल्या पुढं करायच्या, की तोंडात काही असलं म्हणजे आवाज कमी होईल. शेवटच्या दिवाळीला मी म्हणाले, चूक झाली एवढं म्हणा, मी विषय सोडते. तुम्ही चकली मोडून आत नीट तळलीय का ते बघितलंत आणि खाल्लीत.

पण पुढच्या वर्षी प्रवेशाच्या दिवशी तुमच्या लेकाच्या आधी तुम्ही तयार होऊन दारात उभे होता. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. कॉलेजात गेल्यावर तुम्ही मॅडमना विचारून त्यांचा पुतळा बघायला गेलात. काय दशा होती त्या बाईची. दोन्ही दंड चाळणीसारखे, कमरेवर चिकटपट्ट्यांवर चिकटपट्ट्या, एक डोळा गायब, केस अर्धे उपटलेले. तुम्ही इतके प्रसन्न झालेले मी लग्नातसुद्धा बघितले नव्हते.

"हिचे लय हाल केल्यात," तुम्ही म्हणालात. "हितं शीक."

त्या तीन वर्षांतल्या रविवारच्या गप्पा आठवतात. मी हॉस्टेलवरून यायचे आणि तुम्ही उलटतपासणी सुरू करायचात. वर्गातल्या मुली मला काकू म्हणतात हे ऐकून खूश व्हायचात. पहिल्या प्रॅक्टिकलची गोष्ट तर तुम्ही पाहुण्यांसमोर मला परत परत सांगायला लावायचात. परीक्षेत पुतळ्याशी बोलावं लागतं. काय करणार आहोत ते पेशंटला समजावून सांगायचं, त्याला मार्क असतात. अठरा वर्षांच्या पोरी लाजून पुटपुटायच्या. मी मात्र इतकी वर्षं खेड्यापाड्यांतल्या बायका तपासलेली. खाटेवर बसले आणि म्हणाले, आक्का, नाव काय, नवऱ्याचं नाव काय, कितवी खेप, माहेर कुठलं? माहेर कळंब, आक्काच्या आवाजात मीच सांगितलं. कळंबमध्ये कुणाच्यात, हेही विचारलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, अहो, पेशंटला हर्निया आहे आणि तो पुरुष आहे. कागदावर तसंच लिहिलं होतं. मी वाचलंच नव्हतं. आमच्या कामात समोर खाटेवर असते ती बाईच, आणि ती पोटुशीच.

सगळे हसायचे. तुम्ही हसून झाल्यावर हळूच विचारायचात, मंग मार्क कापलं का? कापले होते. तुम्ही समाधानानं मान डोलवायचात. ज्या परीक्षेत मार्क कापतात ती खरी.

एक मात्र मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी शिकताना मला माझ्या जुन्या हातांचीच शंका यायला लागली. सुई इथंच टोचायची आणि तिथं नाही, हे मला आधीपासून येत होतं. तिथं का नाही, हे तेव्हा कळलं. कळल्यावर मागची सगळी वर्षं डोळ्यांपुढं यायची. अर्धी नर्स हा शब्द तुमचा टोमणा होता, पण त्यातलं किती खरं होतं, ते रविवारी जेवताना मी तुमच्याकडं बघत ठरवत बसायचे. तुम्हाला वाटायचं, सून भाजीला मीठ कमी पडलं म्हणून गप्प आहे.

पास झाले. नोंदणी झाली. मी पेढे घेऊन आले. तुम्ही पेढा हुंगलात, खाल्लात आणि म्हणालात, नोकरी लागू दी, मंग बगू. बारामतीच्या दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागले, तेव्हा म्हणालात, कायम हू दी. कायम झाले, तेव्हा माझ्याकडं ब्लड प्रेशरचा पट्टा होता आणि तुमच्याकडं अंगरख्याच्या लांब बाह्या. वर करायला जमत न्हाय, म्हणालात, खांदा धरलाय.

मग या वर्षी पायांना सूज आली, धाप लागायला लागली. माझ्याच दवाखान्यात तुम्हाला आणलं. माझा गणवेश, माझा वॉर्ड, माझ्या हाताखालच्या मुली. चाकांच्या खुर्चीवरून उतरता उतरता तुम्ही टेबलापाशी बसलेल्या सिस्टरला म्हणालात, हिच्या वॉर्डात नगं. तिला वाटलं, सूनबाईंवर भार नको म्हणून म्हणतायत. घरच्या माणसाचं काम आम्ही शक्यतो दुसऱ्याकडं देतो, तेव्हा रीतीला धरूनच होतं. पण मी तिथंच उभी होते, आणि रीत आणि तुम्ही यांतला फरक मला कळत होता.

तुमच्या वाट्याला पूजा आली. लहान आहे, हुशार आहे. तिला तुम्ही पुरतं पिळून काढलंत. बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवायचं, गोळी कशाची ते सांगायचं, सलाईन जोरात चाललंय का हळू ते पटवायचं. कँटीनमध्ये तिनं मला विचारलं, काकू, तुमचे सासरे पोलिसात होते का? मी भेटायला यायचे ते पाहुण्यासारखी, स्टुलावर बसून. तुम्ही मला बागेत पाणी सोडलं का ते विचारायचात. मीही नर्ससारखं काही विचारायचे नाही. चार्टकडं डोळा जायचा, तो वळवायचे.

त्या दुपारी तुमच्या हातातली सलाईनची सुई निकामी झाली. तेवढी जागा सुजली होती. दुसरी लावायला हवी होती आणि शीर सापडत नव्हती. पूजानं एका हातावर बघितलं, जमलं नाही. ती इन्चार्जला शोधायला निघाली, तर तुम्ही म्हणालात, सुनंदाला बोलीव. ती धावत माझ्याकडं आली. मला आनंद झाला नाही, तात्या. मला धसका बसला. म्हटलं, या माणसाचं काहीतरी फार बिघडलंय.

मी आले तर तुमची बाही वर केलेली होती आणि हात चादरीवर उताणा ठेवलेला होता. लग्नानंतर ज्याची वाट बघितली तो हात. माझ्या तोंडात काय काय बोलणं तयार होतं, सगळं पाठ केलेलं. त्यातलं एक आठवेल तर शपथ.

"गप का? बग कुटं घावतीय का," तुम्ही म्हणालात.

रबरी पट्टा बांधला. कातडी पेरूच्या जून पानासारखी झाली होती. मनगटाच्या वर एक शीर लागली, बोटाखाली सरकत होती. अशा शिरा मी रोज पकडते. पोरी अडल्या की मलाच हाक मारतात. मी सुई घातली आणि शीर फुटली. डोळ्यांदेखत निळा फुगवटा आला. मी कापूस दाबून धरला. पूजा माझ्याकडं बघत होती. आमच्या दवाखान्यात काकूंची सुई चुकलेली तिनं कधी बघितली नव्हती. मी तोंड उघडलं.

"म्या हात हालवला," माझ्या आधी तुम्ही बोललात. आणि पूजाला म्हणालात, "तिच्याकडं काय बगतीस? म्या हालवला म्हनतोय न्हवं."

मग दुसरा हात पुढं केलात. तिथं सुई पहिल्या झटक्यात लागली. तुम्ही थेंब पडताना जरा वेळ बघत राहिलात आणि डोळे मिटलेत. दोन दिवसांनी गेलात. त्या दोन दिवसांत मी ते विचारलं नाही, तुम्ही काढलं नाहीत.

पूजाला तुमचं पटलं. ती अजून सांगते, आजोबांनी हात हलवला म्हणून, नाहीतर काकूंची सुई चुकत नाही. दुसऱ्याचं खोटं ओसरीतच ओळखणारे तुम्ही, आणि स्वतः बोललात ते इतकं कच्चं. तुमचा हात जराही हलला नव्हता, तात्या. मी सांगते ना. तो माझ्या हातात होता.